वॉशिंग मशीनखालचा कादंबरीकार

भास्कर पोंक्षे यांना माणसाचा परिचय करून देण्याचं व्यसन होतं. व्यसनच म्हणायचं, दुसरा शब्द नाही. कुणी तपकीर ओढतं, कुणी पत्ते कुटतं, हे परिचय करून द्यायचे. स्टुटगार्टच्या नेकारकाठ मराठी मंडळात गणपती असो, कोजागिरी असो, नाहीतर नुसती भेळपार्टी असो, प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत कुणी बसलं रे बसलं की भास्करराव माइकपाशी हजर. आणि माइक एकदा हातात आला, की नमनाला घडाभर तेल! पाहुण्यांचे पणजोबा कुठल्या गावचे, आजोळ कुठलं, शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं की नाही, सगळं आलं पाहिजे. एका वर्षी एक दातांच्या डॉक्टरीणबाई पाहुण्या होत्या. स्वतःचा परिचय ऐकता ऐकता त्यांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या खुर्चीत बसलोय. बिचाऱ्या उठून मागच्या रांगेत जायला निघाल्या होत्या.

आता हसायला येतं खरं, पण त्या माणसाचीही बाजू ऐका. भास्करराव गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. पुण्याहून आले तेव्हा त्यांना रिव्हर्स गिअर दिला, तो दिलाच. बाकीचे पुढच्या गिअरांवर गेले, त्यातून मोठ्या केबिनीत गेले, हे मागे जायच्या गिअरवरच राहिले. त्यातून ती जर्मन भाषा. क्रियापद वाक्याच्या टोकाला. भास्कररावांचं वाक्य टोकाला पोचेपर्यंत मीटिंग संपून लोक कँटीनच्या रांगेत असायचे. माणसाला आठवडाभरात एकदा तरी वाक्य पूर्ण करावंसं वाटणारच की नाही? ते त्यांना मंडळाच्या माइकवर करायला मिळायचं.

तर २०१४चा गणपती जवळ आला. प्रमुख पाहुणे म्हणून मुंबईचे एक नट येणार होते, ते व्हिसात अडकले. मंडळाचे सेक्रेटरी नागेश यांच्या घरी तातडीची मीटिंग भरली. नागेश हा हाडाचा प्रोजेक्ट मॅनेजर, घरातली खिचडीसुद्धा अजेंड्याप्रमाणे शिजवणारा.

"चला, बरं झालं," नागेश बटाटेवडा मोडत म्हणाला. "पाहुणा नाही म्हणजे परिचय नाही. आरती, भाषण एक, आणि थेट जेवण. आणि आल्झो, म्हणजे, आता विषय निघालाच आहे तर स्पष्टच सांगतो भास्करराव, राग मानू नका. परिचय हा आयटम आपण कायमचाच काढूया असं कमिटीचं म्हणणं आहे. गेल्या वर्षी तुमचं संपेपर्यंत मसालेभाताची खरवड झाली होती."

भास्कररावांनी आजूबाजूला पाहिलं, तर कमिटी एकदम चटणीच्या वाटीत डोकं घालून बसलेली. आणि मग, उतावळेपणा म्हणा, दुसरं काय म्हणा, तोंडातून निघून गेलं, "पाहुणे आहेत! इटलीचे ख्यातनाम कादंबरीकार आणि पत्रकार! माझ्याच बिल्डिंगमध्ये राहतात!"

"ख्यातनाम? तुमच्या बिल्डिंगमध्ये?" नागेश म्हणाला. पण खुर्ची रिकामी ठेवणं मंडळाच्याही जिवावर आलं होतं. शेवटी तडजोड झाली. परिचय होईल, थोडक्यात होईल, आणि झाल्यावर लोकांनी आपणहून 'पुढच्या वर्षीही हवा' असं म्हटलं तरच राहील. नाहीतर राम म्हणा.

घरी आल्यावर शुभाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कपाळाला हात लावला. "अहो, कोण ख्यातनाम? ते खालच्या मजल्यावरचे लुत्सी? जे जिन्यात स्वतःशीच भांडतात ते?"

"लेखक भांडतातच," भास्करराव म्हणाले, पण त्यांचाही आवाज जरा चिरकलाच.

सिन्योर एर्मेस बोर्तोलुत्सी हे त्यांचं पूर्ण नाव. सत्तरी ओलांडलेले, झुपकेदार भुवया, आणि घरात घालायच्या चपला घालून थेट चढावरच्या बेकरीपर्यंत जाणारे. दारावरच्या पितळी पाटीवर नावाखाली कोरलेलं होतं, कादंबरीकार आणि पत्रकार. भास्करराव रोज ती पाटी वाचत आणि मान झुकवत. त्यापलीकडे इतक्या वर्षांत चौकशी काही केली नव्हती. आता करायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा घेऊन ते खाली गेले. सिन्योरनी कॉफी केली, चिवडा चमच्याने खाल्ला आणि ऐकून घेतलं. 'तुमचं आयुष्य स्टेजवरून सांगायचंय' हे कानावर पडताच त्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात.

"मोठ्याने? लोकांसमोर?"

"गेनाऊ, अगदी तसंच. शाल आणि नारळ देऊन."

"नारळ कशाला?"

"तो मान असतो."

सिन्योर हरखले आणि सांगू लागले. जन्म उत्तर इटलीतल्या डोंगरातल्या खेड्यात. वडील चर्चच्या घंटा ओतायचे. भास्कररावांनी ते भराभर लिहून घेतलं. शनिवारी पुन्हा गेले तर वडील सरहद्दीवरून कॉफी चोरून आणणारे निघाले. सोमवारी गेले तर वडील पोस्टमन! भास्कररावांचं इंजिनिअरी डोकं तापलं. एकाच ड्रॉइंगमध्ये एकाच पट्टीची तीन मापं, हे कोण खपवून घेईल?

"सिन्योर, नक्की कोण होते तुमचे वडील?"

"ते तुम्ही कुणाला विचारताय त्यावर आहे," सिन्योर शांतपणे म्हणाले. "पत्रकाराला विचाराल, तर पोस्टमन. कादंबरीकाराला विचाराल, तर चोरटी कॉफी."

"आणि घंटा?"

"त्या दिवशी तुमचा चिवडा फार चांगला झाला होता."

हळूहळू गाळ खाली बसून जे वर राहिलं ते असं. तरुणपणी ते स्टुटगार्टला आले, गाडीच्या सीट शिवणाऱ्या कारखान्यात लागले. येता-जाता ट्रॅममध्ये बसून त्यांनी एक कादंबरी लिहिली. एका गावात दोन चर्च आणि घंटा मात्र एकच, मग दर रविवारी ती कोणी कोणाची पळवायची, अशी काहीतरी मजा. मराठीत नाव 'उसनी घंटा' असं झालं असतं. ती इटलीत छापली गेली, छापणाऱ्याचं दुकान बुडालं, आणि न खपलेल्या प्रती पार्सलने स्टुटगार्टला लेखकाच्याच दारात परत आल्या. पुढे इटालियन कामगारांच्या एका साप्ताहिकाने त्यांना ठेवून घेतलं. फुटबॉल दुसऱ्या कुणाकडे होता, राजकारण मालकाकडे होतं. यांच्या वाट्याला आल्या मृत्यूच्या बातम्या.

आणि तिथे सिन्योर खरे बहरले! बंपर पुसणारा कुणी साधा सिसिलीचा म्हातारा गेला, तर हे असा श्रद्धांजलीलेख लिहायचे की त्याची बायको पेपर घेऊन ऑफिसात यायची आणि विचारायची, हा कोण मोठा माणूस गेला, आणि फोटो आमच्याच माणसाचा कसा छापला? वाचून झालं की तिथेच बसून रडायची, आणि चार अंक जास्त घेऊन जायची. साप्ताहिक बंद पडलं तरी लोक दार ठोठावत राहिले. अजूनही येतात.

हे ऐकून भास्कररावांना भरून आलं. म्हणजे इतकी वर्षं आपल्या पायाखालच्या मजल्यावर आपलाच भाऊबंद राहत होता आणि आपण नुसती मान झुकवत होतो! "सिन्योर, एक प्रत द्या कादंबरीची. टेबलावर मांडायला लागते, तशी पद्धत आहे आमच्याकडे."

सिन्योर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्याकडे नाही. वाटून, हरवून सगळ्या संपल्या. शेवटच्या चार मी तुम्हालाच दिल्या होत्या."

"मला?"

"तळघरात. वॉशिंग मशीन."

भास्कररावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्यांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. इथे राहायला आले त्या पहिल्याच महिन्यात तळघरातल्या धुण्याच्या खोलीतलं, सगळ्या बिल्डिंगचं मिळून एक असलेलं ते मशीन थडथडत होतं. यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. चारी पायांखाली सारख्या जाडीचं, जरा दबणारं काहीतरी हवं, असं यांनी जाहीर केलं. एक गृहस्थ मुकाट्याने वर गेले आणि चार सारखी पुस्तकं घेऊन आले. भास्कररावांनी बोटाने जाडी चाचपली आणि म्हणाले होते, "वा! याच कामासाठी बनवल्यासारखी आहेत!"

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?" त्यांनी आता कसंबसं विचारलं.

"त्या पुस्तकाबद्दल 'वा' म्हणणारे तुम्ही पहिलेच," सिन्योर म्हणाले.

दोघं तडक तळघरात उतरले. मशीनमध्ये फ्राउ हेबरले यांचे पडदे उकळत्या पाण्यात फिरत होते. फ्राउ हेबरले म्हणजे बिल्डिंगची न नेमलेली फौजदारीण. जिना झाडायची पाळी कुणाची, याची पाटी दर आठवड्याला दारोदार फिरवण्याचं पवित्र कार्य त्यांच्याकडे होतं. शहाण्या माणसाने पडदे होऊ दिले असते. पण भास्कररावांना धीर कुठला? त्यांनी फळी घालून मशीन एका बाजूने उचललं, सिन्योरनी कोपऱ्यातलं पुस्तक ओढलं, आणि त्या जागी पुठ्ठ्याची घडी सरकवली.

पुठ्ठा ओला झाला आणि मशीनला जणू देवीचं वारं आलं! थडथड करत ते निघालं, ते सरळ दाराकडे. दार आत उघडणारं. मशीन त्याला पाठ लावून घट्ट उभं राहिलं आणि तिथेच नाचू लागलं. दोघं लेखक आत.

"बंद करू का?" भास्करराव ओरडले.

"खबरदार!" दारापलीकडून फ्राउ हेबरलेंचा आवाज आला. त्या नेमक्या याच वेळी पायरी तपासायला खाली आल्या होत्या. "मध्येच बंद केलं तर माझे पडदे पिवळे पडतील! पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही!"

आता जर्मनीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाची ही खोड बघा. बटण हाताशी, खोलीत वाफ, मशीन बंद करून सरकवलं की बाहेर जाता येतंय, पण नियम तो नियम! दोघं मुकाट्याने उपड्या बादल्यांवर बसले. करायला दुसरं काही नव्हतं. मग सिन्योरनी विचारलं, "तुम्ही दिवसभर करता काय?" आणि भास्करराव सांगू लागले. रिव्हर्स गिअरचं सांगितलं, दातांवर दात घासला की कसा खरखराट होतो, तो घालवायला आयुष्य कसं गेलं ते सांगितलं. मीटिंगचं सांगितलं. लेक अश्लेषा मराठी सगळं समजते पण उत्तर जर्मनमध्येच देते, आणि बाबांच्या परिचयांच्या वेळी हॉलबाहेर जाऊन उभी राहते, हेही सांगितलं. सिन्योर मध्ये बोलले नाहीत. वाक्याच्या टोकाला क्रियापद येईपर्यंत थांबले, दरवेळी थांबले. जर्मन बोलताना भास्कररावांच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. मशीन थांबलं तेव्हा दोघांचेही कपडे घामाने भिजले होते आणि भास्कररावांना फार बरं वाटत होतं.

गणपतीचा दिवस उजाडला. भाड्याने घेतलेला हॉल खचाखच भरला. पाहुण्यांना सगळ्यांनी लगेच लुत्सीकाका करून टाकलं. टेबलावर ती फुगलेली, साबणाचा वास येणारी 'उसनी घंटा' फुलांच्या परडीजवळ मांडली होती. शाल झाली, नारळ झाला. नागेशने नाव सांगताच कॉलेजातली पोरं उगाचच फिसकली, ते सोडा. आणि भास्करराव माइकवर आले.

जीव तोडून बोलले हो! तिन्ही वडील घेतले, घंटा वाजवली, कॉफी सरहद्दीपार नेली. राईचा पर्वत केला आणि पर्वतावर झेंडा लावला. पण मागून मोदकांचा वास येत होता, पोरं चुळबुळत होती, नागेश घड्याळ वर धरून उभा होता. ट्रॅमपाशी पोचेपर्यंत कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. ती 'आता पुरे'ची टाळी, हे भास्कररावांना बरोबर कळलं. वाक्य अर्धंच राहिलं. ते खाली येऊन शुभाताईंजवळ बसले आणि समोरचा लाडू उचलून खाऊ लागले, कारण हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. शुभाताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

आता पाहुण्यांचं भाषण. लुत्सीकाका उठले, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कागद. भारतातून आलेल्या आई-वडिलांना जर्मन कळेना, म्हणून नागेशने दाराशी उभ्या असलेल्या अश्लेषाला हाताला धरून माइकपाशी आणलं, "सांग गं मराठीत." ती "नाइन, नाइन" म्हणत राहिली, पण काकांनी वाचायला सुरुवातही केली होती. तिने पहिलं वाक्य ऐकलं, काकांकडे पाहिलं, आणि सांगितलं, "आपले लाडके भास्कर पोंक्षे आपल्याला सोडून गेले आहेत."

शुभाताई ताडकन उभ्या राहिल्या. "अहो काका! काय अभद्र बोलता सणासुदीला? माणूस इथे बसलाय, लाडू खातोय!"

अश्लेषाने ते जर्मनमध्ये सांगताच काका गोंधळले. "पण मला एवढंच लिहिता येतं," ते म्हणाले. "आवडत्या माणसावर मी दुसरं काही कधी लिहिलंच नाही. ते मोठ्या माणसांना सांग, मुली."

तिने सांगितलं. कुजबुज वाढली. कुणी 'शिव शिव' म्हटलं, कुणी भास्कररावांकडे निरखून पाहू लागलं. इतक्यात पहिल्या रांगेतून नागेशच्या आई, स्नेहलताबाई, काठी आपटून म्हणाल्या, "बस गं शुभा! जिवंतपणी मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं माणसाचं. आमच्या विष्णूमामांची दोनदा उठली होती. नव्वदी गाठली त्यांनी, आणि शेवटपर्यंत सगळ्यांना छळलं. तू सांग गं पोरी पुढे."

अश्लेषा सांगू लागली. तिचं मराठी अडखळत होतं, पण चालत होतं.

"ते मोठे इंजिनिअर नव्हते. त्यांनी गाडी बनवली नाही. पुढे जाणारा एकही गिअर बनवला नाही. आज तुम्ही घरी जायला निघाल, गाडी मागे घ्याल, आणि काहीच आवाज येणार नाही. तो न येणारा आवाज भास्कर पोंक्षे यांनी आयुष्यभर बनवला. कुणी त्यांना थँक यू म्हटलं नाही, कारण जे ऐकूच येत नाही त्याला कोण थँक यू म्हणणार."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं.

"ऑफिसात त्यांचं वाक्य संपायच्या आधी लोक उठायचे. म्हणून ते इथे यायचे. इथे त्यांनी तुमच्यापैकी कितीतरी जणांची नावं मोठ्याने घेतली. तुम्ही होता त्यापेक्षा मोठं करून सांगितलं. त्यांचं नाव घ्यायला..."

ती थांबली. वडिलांकडे पाहून तिने हळूच जर्मनमध्ये विचारलं, "श्टिम्ट दास?" हे खरं आहे का?

भास्कररावांनी मान डोलावली. तोंडात लाडू होता आणि डोळे भरले होते.

"त्यांचं नाव घ्यायला," अश्लेषाने नाक ओढलं आणि माइक जवळ घेतला, "माइकवर कुणी आलं नाही. मी पण नाही." हे शेवटचं कागदावर नव्हतं. "त्यांच्या मागे पत्नी शुभा, मुलगी अश्लेषा, आणि सध्या तीन पायांवर उभं असलेलं एक वॉशिंग मशीन असा परिवार आहे."

हॉल फुटला. हसू, रडू, टाळ्या, सगळं एकदम. या टाळ्या कुणाला थांबवण्यासाठी नव्हत्या. त्या थांबतच नव्हत्या. शुभाताई पदराने डोळे पुसत "मेलं ते मशीन" असं काहीतरी म्हणत होत्या.

आणि मग जे झालं ते नागेशच्या अजेंड्यात कुठे नव्हतं. स्नेहलताबाई काठी टेकत स्टेजपाशी गेल्या. "अहो लुत्सी, माझा पण लिहून द्या. सगळं चांगलं मेल्यावर बोलणार आणि तेव्हा मी नसणार, हा काय न्याय झाला? मला ऐकायचंय." त्यांच्या मागे एक डॉक्टर उभे राहिले, डॉक्टरांच्या मागे त्यांचे सासरे. मोदक तयार होते, पण रांग मोदकांना नव्हती. शेवटी नागेशही घड्याळ खिशात घालून भास्कररावांपाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पुढच्या वर्षी काकांनी लिहायचं आणि तुम्ही वाचायचं. वेळेचं काही नाही. फक्त, सुरुवात माझ्यापासून करता येईल का?"

"बघू," भास्करराव म्हणाले. "तुमच्या आईंचा नंबर आधी आहे."

'उसनी घंटा' त्या दिवशी परत तळघरात गेली नाही. सिन्योरनी सही करून ती अश्लेषाला दिली, आणि तिने इटालियन शिकायचं ठरवलं. त्यामुळे रविवारी मशीन अजून तिरकंच होतं आणि फ्राउ हेबरले चादरी घेऊन दारात तिष्ठत होत्या. भास्करराव वर गेले. कपाटात इतक्या वर्षांचे परिचय एका जाड फायलीत लावून ठेवले होते, दातांच्या डॉक्टरीणबाईंपासून सगळे. त्यांनी ती खाली आणली, जाडी चाचपली, वरची चार-दोन पानं कमी केली आणि चौथ्या पायाखाली सरकवली.

सिन्योरनी बटण दाबलं. मशीन घरघरलं, भरलं, जोरात फिरू लागलं, आणि जागचं हललं नाही. दोघं बादल्यांवर बसून बराच वेळ ते बघत राहिले.

"वा," सिन्योर म्हणाले. "याच कामासाठी लिहिल्यासारखी आहे."

भास्करराव इतके खूश झाले की त्या आठवड्याचा जिना त्यांनी पाळी नसताना झाडून काढला.